डावीकडचं पहिलं बटण

बोडिल रास्कला लेर्केमोसेनमध्ये सगळे बटणवाली म्हणतात. तिच्या तोंडावरही म्हणतात. ती रागावत नाही. बटणं शिंपी लावतो, मी फॉर्म बनवते, एवढंच म्हणते आणि पुन्हा आपल्या वाफ्यातलं गवत उपटायला लागते.

लेर्केमोसेन म्हणजे डेन्मार्कमधल्या एस्ब्यर्गच्या पूर्वेला, रुळांच्या पलीकडे असलेल्या एकशे बारा बागा. प्रत्येक बागेत एक लाकडी खोली, एखादं सफरचंदाचं नाहीतर पेअरचं झाड आणि छातीपर्यंतचं हिरवं कुंपण. बाग हवी असेल तर यादीत नाव घालायचं आणि थांबायचं. लोक पंधरा-सतरा वर्षं थांबतात. तेवढ्यात मुलं मोठी होतात, लग्नं मोडतात, गुडघे जातात, आणि यादीतला क्रमांक एकेक घर वर सरकत राहतो. दर जानेवारीत प्रत्येकाने कळवायचं असतं की मला अजून बाग हवी आहे. नको म्हणून कळवलं की नाव कायमचं जातं. पुन्हा घालायचं तर सगळ्यांच्या शेवटी.

हे कळवण्याचं पान बोडिलने बनवलं आहे. मी या बागांच्या मंडळाचा चिटणीस, म्हणून त्या पानातून आलेली उत्तरं माझ्याकडे येतात आणि नाव गेलेल्यांना माझ्या सहीचं पत्र जातं. गेल्या फेब्रुवारीत जे झालं त्यात माझा वाटा इतकाच, आणि तोही फारसा चांगला नाही.

बोडिल आज एकसष्ट वर्षांची आहे. बाप कोळंबीच्या होडीवर होता. एकोणिसाव्या वर्षी ती गावातल्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात लागली. शिशाचे खिळे तेव्हा जाऊन फोटोच्या कागदावर उमटलेल्या मजकुराच्या पट्ट्या आल्या होत्या. ती पट्ट्या कापायची, मेण लावून पानावर चिकटवायची. पंधरा वर्षं तिने हेच केलं. वाचकाचा डोळा पानावर कुठून शिरतो, कुठे रेंगाळतो, कुठे थांबतो, हे तिला तिथे कळलं. मग छापखाना बंद झाला. तिला नऊ महिन्यांच्या एका वर्गाला पाठवलं गेलं. वर्गात ती सर्वांत मोठी होती, आणि फॉर्म या गोष्टीत मनापासून रमलेली ती एकटीच. बाकीच्यांना हलणारी चित्रं करायची होती.

तेव्हापासून ती फॉर्मच करत आली. पोहण्याच्या वर्गाचा फॉर्म. वाचनालयाच्या पुस्तकाची मुदत वाढवण्याचा. उंदीर दिसल्याची खबर देण्याचा. या उंदरांच्या फॉर्मचा तिला सगळ्यांत जास्त अभिमान. त्यावर एकच बटण आहे. "उंदीर बघितलेल्या माणसाला निवड करायला लावू नये," असं ती म्हणते.

तिचं घर नीट आवरलेलं असतं आणि बोलणं तुटक. नवरा अकरा वर्षांपूर्वी आल्बोर्गला गेला. त्याबद्दल ती काही सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही. लोक बटणाकडे लक्ष देत नाहीत याचं मात्र तिला नवल वाटतं. माणूस एक बोट हलवतो आणि पानावर लिहिलेलं सगळं उचलून दुसऱ्या टोकाला नेलं जातं. सोबत कोणत्या बटणाने पाठवलं त्याचं नावही जातं. पलीकडचं यंत्र ते नाव वाचतं आणि तसं करतं. ते पुन्हा विचारत नाही. विचारायला आपण सांगितलं असेल तरच विचारतं.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी सकाळी मी बेकरीत होतो. माझ्या हातात रांगेची अडतीस नंबरची चिठ्ठी होती. माझ्या पुढे आयनार कोफोड उभा होता.

आयनार एकोणऐंशी वर्षांचा. बंदरावरच्या माल-कचेरीत त्याने अडतीस वर्षं जहाजांच्या मालाचे कागद टंकले. सतरा वर्षांपूर्वी, बायको गेली त्या वसंतात, त्याने यादीत नाव घातलं. तेव्हापासून रविवारी दुपारी तो आमच्या पायवाटेने चालत यायचा, कुंपणांवरून आत बघायचा, कुणी कॉफी दिली तर फाटकाबाहेर उभ्यानेच प्यायचा. आत ये म्हटलं तर नको म्हणायचा. आपला नंबर लागेल तेव्हा येईन, म्हणायचा.

"शनिवारी येतोयस ना?" मी विचारलं. "बावन्न नंबर मोकळी होतेय. पेअरच्या झाडवाली. यादीत पहिला तूच असशील."

त्याने आपल्या चिठ्ठीकडे पाहिलं. "मी यादीत नाही, केल्ड."

"असं कोण म्हणतं?"

"तुझं पत्र म्हणतं. तुमच्या इच्छेनुसार तुमचं नाव कमी केलं आहे. खाली तुझी सही आहे. चांगली आहे सही."

मी चव्वेचाळीस पत्रांवर सह्या केल्या होत्या. नावं वाचली नव्हती.

"मग तू नाव काढलंस कशाला?"

"काढलं असणार." तो खाली बघून बोलत होता. "मला आठवतंय ते असं, की मी बसलो. नंबर घातला. हिरव्या फाटकाचं बटण बघितलं. ते दाबल्याचं मात्र आठवत नाही. लाल दाबल्याचंही आठवत नाही. पण कागदावर आलंय म्हणजे दाबलं असणार."

"अरे, काहीतरी गडबड झाली असेल."

"माझ्या बहिणीलाही सगळं आठवायचं," तो म्हणाला. "आईबरोबर काल कॉफी प्यायले, असं सांगायची. आई जाऊन तीस वर्षं झाली होती. तिचंही असंच सुरू झालं. हवी ती वस्तू ती केरात टाकायची आणि दिवसभर शोधत बसायची."

त्याचा नंबर पुकारला गेला. त्याने दोन रुंडस्टुकर, म्हणजे गोल पाव, घेतले, टोपी सारखी केली आणि जाताना म्हणाला, "बागेचं जाऊ दे. बाग काय, राहिली तर राहिली. डोकं राहिलं पाहिजे."

तिथून मी सायकल थेट बोडिलकडे वळवली. ती स्वयंपाकघरात होती, टेबलावर मेणबत्ती, शेजारी उघडा संगणक. मी सगळं सांगितलं.

"माझ्या पानावर लाल फाटक दाबल्याशिवाय नाव जात नाही," ती म्हणाली. आवाज जरा ताठ झाला होता. "आयनार म्हातारा झालाय. वाईट वाटतं. पण दाबल्याशिवाय जात नाही."

"तो म्हणतो दाबलं नाही. म्हणजे, दाबलं असणार असं म्हणतो. पण त्याला ते आठवत नाही."

"ते वेगळं."

"तो घाबरलाय, बोडिल. बागेसाठी नाही. स्वतःला."

तिने कॉफी ओतली. माझ्याकडे कप सरकवला. मग विचारलं, "या वर्षी एकूण किती जणांनी नावं काढली?"

"चव्वेचाळीस."

"आणि गेल्या वर्षी?"

"बारा. त्याच्या आदल्या वर्षी चौदा असतील."

तिने स्वतःचा कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. "हे तू मला आज सांगतोयस?"

"मला वाटलं, लोक कंटाळले."

"केल्ड, सतरा वर्षं थांबलेले लोक एकाच जानेवारीत मिळून कंटाळत नाहीत."

बोडिलची एक सवय छापखान्यातली आहे. तिथे पान छापून झाल्यावरही मुद्रितं फेकत नसत, उद्या कुणी भांडायला आलं तर लागतात. तशी ती पानातून आलेलं प्रत्येक उत्तर, जसं आलं तसं, एका साध्या फाइलमध्ये ठेवते. यादीत फक्त "आहे" आणि "काढलं" असतं. त्या फाइलमध्ये सगळं असतं. ती फाइल उघडून ती एकेक ओळ खाली जाऊ लागली, बोट पडद्याला लावून. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

तिची दोन्ही बटणं चित्रांची आहेत. डावीकडे लाल बंद फाटक: नाव काढा. उजवीकडे हिरवं उघडं फाटक: नाव राहू द्या. अशा चित्रावर माणसाने माऊसने दाबलं की ब्राउझर चित्राच्या नावाबरोबर दोन आकडे पाठवतो. चित्राच्या डाव्या कडेपासून किती आत आणि वरच्या कडेपासून किती खाली. हे आकडे कुणाच्या कामाचे नसतात. बोडिलनेही ते सोळा-सतरा वर्षांत कधी वाचले नव्हते.

"एकसष्ट, अठरा," ती वाचत होती. "चव्वेचाळीस, बावीस. हा कडेला गेलाय, सात, तीस. हे सगळे लाल दाबणारे. हं. शून्य, शून्य."

ती थांबली. पुढची ओळ. "शून्य, शून्य. शून्य, शून्य."

"म्हणजे काय?"

"चित्राचा वरचा डावा कोपरा. अगदी टोक. एका ठिपक्याएवढी जागा." ती मोजत गेली. "तेरा जणांचे आकडे माणसांसारखे आहेत, इकडे तिकडे. एकतीस जणांनी नेमक्या त्याच ठिपक्यावर बोट ठेवलंय. माशीलासुद्धा जमणार नाही."

"आयनार?"

तिने शोधलं. "शून्य, शून्य."

नंतर तिने हिरव्या फाटकाच्या ओळी पाहिल्या. जवळपास तीनशे होत्या, आणि त्यांत शून्य-शून्य एकही नव्हतं. ती उठून खिडकीशी गेली. बाहेर पाऊस आडवा पडत होता, इथे पडतो तसा. मग म्हणाली, "त्याला बोलाव. उद्या. काही सांगू नकोस. फक्त म्हण, बोडिल कॉफीला बोलावते."

बुधवारी सकाळी दहाला आयनार आला. टाय बांधून आला होता. बोडिलने जानेवारीतल्या पानाची नक्कल करून ठेवली होती, तिच्यातून खरं काही कुठे जाणार नव्हतं. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, त्याचं जानेवारीतलं, नंबर असलेलं पत्र समोर ठेवलं आणि ती त्याच्या मागे उभी राहिली.

"आयनार, त्या दिवशी जे केलंस ते आत्ता कर. विचार करू नको. मी काही विचारणार नाही."

"पुन्हा चुकलं तर?"

"चुकू दे. आत्ता काही बिघडत नाही."

त्याने चष्मा लावला. पत्रावरचा नंबर वाचला. मग त्याच्या हातांनी काय केलं ते मी पाहिलं. इतका वेळ ते टायच्या टोकाशी चाळा करत होते. कळांवर ठेवल्याबरोबर ते शांत झाले, दहाही बोटं आपापल्या जागी गेली. नंबर एका दमात उमटला, त्याने खाली बघितलंसुद्धा नाही, आणि त्याच ओघात उजव्या हाताची करंगळी बाजूला झाली, एंटरची कळ दाबून परत आली.

पडद्यावर आलं: धन्यवाद. आपलं उत्तर नोंदवलं आहे.

आयनारचा हात माऊसकडे निघाला होता. तो अर्ध्या वाटेत राहिला. "आता हिरवं फाटक," तो म्हणाला. "कुठे गेलं?"

"तू आत्ता काय दाबलंस?" बोडिलने विचारलं.

"काही नाही. अजून दाबायचंच आहे."

"एंटर दाबलंस," मी म्हणालो.

"नाही दाबलं."

"मी बघत होतो, आयनार."

त्याने स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं. "ते? ती ओळ संपली होती," तो म्हणाला. "ओळ संपली की ते करतातच. ते काही दाबणं नव्हे."

बोडिल त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिला इतका वेळ सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाली, "ऐक. फॉर्मात लिहायची ओळ असेल आणि तिच्यात असताना कुणी एंटर दाबलं, तर ब्राउझरला वाटतं, माणूस म्हणतोय पाठव. आता बटणं दोन. कोणत्या बटणाने पाठवायचं हे त्याला माहीत नसतं. मग पान लिहिताना मी जे पहिलं ठेवलं असेल ते तो घेतो. मी लाल पहिलं ठेवलं होतं. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवं. छापखान्यात शिकले होते, डोळा ओळीच्या शेवटी येऊन थांबतो, म्हणून हवं ते शेवटी ठेवावं. डोळ्यासाठी ते बरोबर होतं. ब्राउझरला डोळा नाही. तो मोजतो. एक म्हणजे लाल."

"पण हे पान तर कितीतरी वर्षांचं आहे," आयनार म्हणाला.

"तेव्हा त्यात लिहायची ओळ नव्हती. फक्त दोन फाटकं. एंटर दाबून काही झालं नसतं. डिसेंबरात मंडळाचा प्रेबेन म्हणाला, कुणीतरी दुसऱ्याच्या नावाने दाबलं होतं, पत्रातला नंबर लिहून घे. मी ती एक ओळ घातली. माऊसने तपासून बघितली. चालली." ती थांबली. "आणि धन्यवाद दोन्हींना एकच ठेवलं होतं. कशाबद्दल धन्यवाद ते लिहिलंच नाही. लिहिलं असतं तर तुला तिथेच कळलं असतं."

आयनारने चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"म्हणजे मी लाल दाबलं नाही."

"तू लाल दाबलं नाहीस."

"आणि हिरवं दाबल्याचं आठवत नव्हतं, कारण..."

"कारण तेही दाबलं नव्हतंस. तुला अगदी बरोबर आठवत होतं. तू बसलास, नंबर घातलास, हिरवं बघितलंस. तेवढंच झालं होतं."

आयनारने टेबलावरच्या टोपलीतला एक रुंडस्टुक घेतला, लोणी लावलं, चीज ठेवलं आणि खायला लागला. चांगलाच भुकेला होता. त्याला असं खाताना मी पाहिलं नव्हतं. दुसरा घेताना म्हणाला, "ते आकडे दाखव एकदा."

बोडिलने दाखवले.

"शून्य, शून्य," त्याने वाचलं. "शाळेत हे मिळालं की बाप बदडायचा." आणि तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत. बोडिलने त्याला पाणी दिलं. तिचा स्वतःचा चेहरा मात्र अजून निवळलेला नव्हता. तिच्यापुढे अजून तीस जण होते. आणि प्रेबेन.

प्रेबेन लुंड आमचा अध्यक्ष. सीमाशुल्कात होता. कुंपणांची उंची तो स्वतःच्या पट्टीने मोजतो. गुरुवारी दुपारी आम्ही तिघे सभागृहात बसलो. शनिवारी बाग द्यायची होती आणि प्रेबेनने यादीतल्या पुढच्या बाईला, लिस्बेट हॉल्मला, आधीच फोन करून ठेवला होता.

"नाव काढलं की काढलं," तो म्हणाला. "मंडळाच्या घटनेत आहे. उद्या कुणीही येऊन म्हणेल, माझं बोट नव्हतं."

"तसं म्हणता येणार नाही," मी म्हणालो. "आकडे आहेत ना. शून्य-शून्य म्हणजे त्याने बटण दाबलंच नाही."

"असं नाही," बोडिल म्हणाली.

मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने पाय बाजूला घेतला.

"माऊस न वापरणारे असतात," ती म्हणाली. "टॅबची कळ दाबत बटणापर्यंत जातात आणि तिथे मुद्दाम दाबतात. त्यांचंही शून्य-शून्यच येतं. या एकतीसांत तसा एखादा असू शकतो. आकड्यांवरून एवढंच कळतं की माऊस फाटकावर नव्हता. मनात काय होतं ते आकड्यांत नाही."

"मग झालं की," प्रेबेन म्हणाला. "तूच म्हणतेस, कळत नाही."

"म्हणून विचारायचं. बाकीच्या तीस जणांना. फोन करून."

"शनिवारच्या आत?"

"उद्या."

प्रेबेनने पेन खाली ठेवलं. "बोडिल, घटना म्हणते, सभासदाने नाव काढलं तर. मी अपवाद कुठल्या कलमाखाली करू?"

"सभासदाने काढलं तर, असंच आहे ना? मग लिही, सभासदाने काढलं नाही. पानाने काढलं. आणि पान कुणाचं आहे तेही लिही. माझं नाव घाल. वार्षिक सभेत वाच."

"तुला काही कमीपणा..."

"लिही, प्रेबेन."

त्याने लिहिलं. सावकाश, सीमाशुल्कातल्या अक्षरात. मग बाकीच्यांचे नंबर असलेला कागद ओढून घेतला, त्याचे तीन तुकडे केले आणि एक स्वतःकडे ठेवला. "दहा मी करतो," तो म्हणाला. "तुम्ही दोघं फोनवर फार बोलता."

शुक्रवारी सकाळी नऊला आम्ही सुरू केलं. बोडिलची एक अट होती. बाग हवी का, असं विचारायचं नाही. त्याला सगळे हो म्हणतील. विचारायचं असं: जानेवारीत तुम्ही पान उघडलंत, तेव्हा काय करायला बसला होतात?

लोकांनी सांगितलं. एका बाईला पत्र मिळाल्यावर वाटलं होतं की मंडळाला आपण नकोत, म्हणून ती गप्प बसली होती. दोघांना वाटलं, वय जास्त झालं की काढत असतील. एक जण ओरडला, पूर्ण पाच मिनिटं, आणि शेवटी आभार मानून त्याने फोन ठेवला. एकाची बायको बोलली, तो समुद्रात पवनचक्क्यांवर कामाला गेला होता. "नाव काढायला? तो?" ती म्हणाली. "माझं नाव आधी काढेल हो तो." एकतीसांतले बहुतेक कधीकाळी टंकलेखनावर बसलेले निघाले. शाळेच्या कचेरीतली, वकिलाकडची, विम्यातली माणसं. ओळ संपली की करंगळी आपोआप जाणारी.

पत्र मिळूनही आयनारसकट एकानेही तक्रार केली नव्हती. बहुतेकांना वाटलं होतं, आपणच चुकलो.

फक्त योर्डिस ब्रूनचं निराळं होतं. ती पियानोचे सूर जुळवून द्यायची, तिला डोळ्यांनी दिसत नाही. "मी बरोबर दाबलं," तिने बोडिलला सांगितलं. "मला काढायचंच होतं. मी आता चौथ्या मजल्यावर राहते, बाल्कनीत एक कुंडी आहे, ती पुरते. तुम्ही बटणं करणाऱ्या का?"

"हो."

"नावं नीट दिली आहेत तुम्ही. माझं यंत्र वाचून दाखवतं ना, त्यात स्वच्छ ऐकू आलं. नाव काढा. नाव राहू द्या. बहुतेक ठिकाणी नुसतं चित्र, चित्र, चित्र असं वाचतं आणि मी बसते अंदाज करत."

बोडिलने फोन ठेवला. मग नाक शिंकरलं. "एक खरी निघाली," ती म्हणाली. "तीस परत घाल."

पलीकडच्या कोपऱ्यात प्रेबेन कुणाला तरी सांगत होता, "नाही नाही, तुमची काही चूक नाही. अजिबात नाही. चूक आमची. हो, लेखी देतो. स्वतः आणून देतो." आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाठ फिरवली.

चार वाजेपर्यंत सगळे झाले. मग बोडिलने पान उघडलं. लिहिताना हिरवं पहिलं घेतलं, पडद्यावर मात्र ते उजवीकडेच ठेवलं. नाव काढायच्या आधी पान एकदा विचारेल असं केलं. आणि धन्यवादाच्या खाली काय नोंदवलं ते लिहिलं. तिन्हींना मिळून चाळीस मिनिटं लागली. ती स्वतः माऊसने, एंटरने, टॅबने, अशी सगळ्या बाजूंनी ते दाबत राहिली, आणि मग मला दाबायला लावलं, कारण, ती म्हणाली, "मला कसं दाबायचं ते माहीत आहे, तुला नाही."

लिस्बेट हॉल्मकडे ती स्वतः सायकलने गेली. सोळा वर्षं थांबलेली बाई. तिने दारातच ऐकून घेतलं. "म्हणजे मी दुसरी," ती म्हणाली. "ठीक आहे. परवापर्यंत दुसरीच होते." कॉफीला आत बोलावलं नाही. बोडिल म्हणते, त्यात तिचं काही चुकलं नाही.

शनिवारी वार्षिक सभेला सभागृहात साठेक माणसं होती. प्रेबेनने आधी तो कागद वाचला, बोडिलच्या नावासकट. ती दुसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "बटणवाली, माझं लग्न झालं तेव्हाही मी एंटरच दाबलं होतं, काही करता येईल का?" सगळे हसले. तीही हसली, आणि तेव्हा कुठे तिचे खांदे खाली आले. मग प्रेबेनने बावन्न नंबर पुकारला आणि यादीतलं पहिलं नाव वाचलं. आयनार उभा राहिला. बाग हवी का, असं विचारल्यावर तो हो म्हणाला, जरुरीपेक्षा मोठ्याने.

दुपारी आम्ही त्याच्याबरोबर बागेत गेलो. प्रेबेनने किल्ली दिली, कुंपणाला पट्टी लावली आणि म्हणाला, "चार बोटं जास्त आहे. मे महिन्यापर्यंत चालेल." एवढं बोलून तो गेला. प्रेबेनकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आयनारने फाटक उघडलं. पहिल्यांदाच आत आला. पेअरच्या झाडाखाली गेला, खोडाला हात लावला, खोलीचं दार उघडून आत डोकावला. आत ओलसर वास होता आणि कुणीतरी विसरलेली एक पाणी घालायची झारी. तो बाहेर येऊन पायरीवर बसला. बोडिल त्याच्या शेजारी बसली. मी उभाच होतो.

"आजचं सांगतो," तो म्हणाला. "सकाळी सहाला उठलो. ओटची लापशी खाल्ली. टाय बांधला, निळा. बस सव्वा नऊची घेतली. तुम्ही लोकांनी कॉफी पातळ केली होती. प्रेबेनने वाचलं. मग मी हो म्हणालो." त्याने बोडिलकडे पाहिलं. "म्हणालो ना?"

"म्हणालास," बोडिल म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं."